चालू जावा यंत्रातील क्लास-बदल

चालू असलेला जावा प्रोग्राम न थांबवता त्यातील एखाद्या क्लासचा (कोडच्या एका घटकाचा) बाइटकोड, म्हणजे कंपायलरने यंत्रासाठी तयार केलेला कोड, बदलणे. प्रोग्रामर याला हॉटस्वॅप म्हणतात. जावा १.४ मध्ये (२००२) ही सोय डीबगरसाठी, म्हणजे चुका शोधण्याच्या साधनासाठी, आली. जावा ५ पासून (२००४) एजंट प्रोग्रामही, म्हणजे यंत्रात चढवलेले मदतनीस प्रोग्रामही, ती वापरू लागले.

हॉटस्पॉट या जावा प्रोग्राम चालवणाऱ्या आभासी यंत्रात मेथडच्या (क्लासमधल्या एका कृतीच्या) आतला कोड बदलता येतो. फील्ड (माहितीचा रकाना) किंवा मेथड वाढवणे किंवा काढणे, मेथडची सही (नाव व पॅरामीटरांची मांडणी) बदलणे, क्लासला नवा पालक देणे चालत नाही. फील्डांच्या बाबतीत कारण असे, की स्मृतीतील ऑब्जेक्ट जुन्या फील्डांच्या मापाने आधीच मांडलेले असतात. असा पॅच (बदलांचा संच) यंत्र सबंध नाकारते आणि सोबतच्या इतर क्लासचे बदलही लागू होत नाहीत.

नाकारलेला पॅच निदान दिसतो. स्वीकारला जाऊनही परिणाम न करणारा पॅच त्याहून घातक, म्हणून नव्या-जुन्या कोडच्या सुसंगतीची खरी परीक्षा तिथे होते. समजा, इंदुरातल्या एका मराठी कुटुंबाच्या शेव-नमकीनच्या कारखान्यात बिलिंगचा जावा सर्व्हर अहोरात्र चालतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकीटबंद नमकीनवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. दर एका क्लासमध्ये स्टॅटिक फायनल स्थिरांक म्हणून लिहिलेला आहे आणि मध्यरात्री तेवढाच क्लास बदलला. यंत्र तक्रार करत नाही, पण बिलांवर १२ टक्केच छापले जातात. कंपायलरने तो आकडा वापरणाऱ्या प्रत्येक क्लासमध्ये थेट उतरवून ठेवलेला असतो. दर साध्या स्टॅटिक फील्डमध्ये ठेवला असता तरी हेच झाले असते, कारण क्लास बदलल्यावर त्याचे प्रारंभिक मूल्यांकन पुन्हा होत नाही, जुने मूल्य तसेच राहते. दर वापरणारे क्लास नव्याने कंपाइल करून तेही बदलले, तरी एक अडचण उरते. त्या क्षणी चालू असलेली मेथड जुन्याच कोडने पूर्ण होते, नवा कोड त्या मेथडला पुढच्या वेळी मारलेल्या हाकेपासून (कॉलपासून) लागू होतो. बिलांची रांग उपसणारी न संपणारी लूप त्याच मेथडमध्ये असेल, तर ती हाक कधीच येत नाही.

लॅम्डा, म्हणजे कोडमध्येच लिहिलेले बिननावाचे छोटे फंक्शन, हा आणखी एक सापळा आहे. मेथडच्या आत एक लॅम्डा वाढवला, तर कंपायलर त्यासाठी क्लासमध्ये एक छुपी खाजगी मेथड तयार करतो. प्रोग्रामरच्या नजरेत फक्त आतला कोड बदललेला असतो, यंत्राला मात्र नवी मेथड दिसते.

ऑस्ट्रियातील लिन्झ विद्यापीठातील संशोधनातून निघालेले डीसीईव्हीएम हे सुधारित यंत्र फील्ड व मेथड वाढवू देते. त्यासाठी ते कचरा-संकलनाच्या (नको असलेले ऑब्जेक्ट स्मृतीतून काढण्याच्या) फेरीत ऑब्जेक्ट नव्या मापाने पुन्हा मांडते. विकासाच्या कामात ते फार सोयीचे आहे. पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या सर्व्हरवर मात्र दोन प्रती ठेवून एकामागून एक रीस्टार्ट करणे अधिक भरवशाचे. जावा २१ पासून (२०२३) चालू यंत्रात एजंट चढवला की इशारा छापला जातो.