लोकलमधले दोन प्रश्न: ‘कुठे उतरणार?’ आणि ‘उतरणार का?’

मुंबईच्या लोकलमध्ये अनोळखी माणसं एकमेकांना हे दोन प्रश्न सतत विचारतात. ऐकायला सारखेच, म्हणून नवखा माणूस गोंधळतो. कुणीतरी उगाच चौकशी करतंय असं वाटून ‘पुढे’ एवढंच म्हणतो आणि मान वळवतो.

पहिला प्रश्न बसलेल्या प्रवाशाला असतो. ‘कुठे उतरणार?’ म्हणजे, तुम्ही उठल्यावर ही जागा मला द्या. तुम्ही ‘ठाणे’ म्हणालात की जागा विचारणाऱ्याच्या नावावर लागली. नंतर आणखी कुणी विचारलं, तर ‘यांना सांगितलंय’ म्हणायचं. बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. लेडीज डब्यात हे फार काटेकोरपणे पाळतात. खिडकीजवळची उठली की बाकावरच्या आत सरकतात आणि सांगून ठेवलेलीला कडेला जागा होते. विचारणारा तुमच्या भरवशावर इतरांना विचारणं थांबवतो, म्हणून खरं स्टेशन सांगायलाच हवं. मात्र गरोदर बाई किंवा वयस्कर माणूस समोर उभा असेल, तर हा हक्क सोडून द्यावा असं मला ठामपणे वाटतं.

दुसरा प्रश्न दारापाशी, मागून येतो: ‘दादर उतरणार का?’ इथे जागेचा संबंध नाही, रांग लावायची असते. ‘हो’ म्हणालात तर जिथे आहात तिथेच थांबा. ‘नाही’ म्हणालात तर लगेच बाजूला होऊन विचारणाऱ्याला पुढे घ्या. ‘नाही’ म्हणून तिथेच उभं राहणं हा खरा उद्धटपणा, कारण गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते आणि तेवढ्यात चढणाऱ्यांचा लोंढा आत येतो. त्यामुळे अदलाबदल आधीचं स्टेशन सुटल्यावरच व्हायला हवी, तीही कोपराने नाही, तोंडाने विचारून. २५ डिसेंबर २०१७ पासून पश्चिम रेल्वेवर एसी लोकल धावू लागली. तिची दारं आपोआप बंद होतात, म्हणून तिथे तर आणखी आधी पुढे सरकावं.

आणि बेत बदलला, ठाण्याऐवजी कल्याणपर्यंत जायचं ठरलं, तर जागेसाठी थांबलेल्याला लगेच सांगा. घाटकोपरच्या आत कळलं, तर त्याला दुसरीकडे विचारता येतं.