हिरवा जातो कुठे?

टीवायच्या प्रॅक्टिकलला माझ्या जोडीदाराने मॅलाकाइट ग्रीन या कृत्रिम रंगाची बाटली कलंडवली. सांडले ते चिमूटभर स्फटिक, तेही सोनकिड्याच्या पाठीसारखे चकाकणारे, सोनेरी-हिरवट. मी शहाणपणा करून ओल्या फडक्याने पुसायला गेलो. दोन मिनिटांत ओट्याची पांढरी फरशी, फडके, बेसिन आणि माझी बोटे, सगळे निळसर हिरवे!

सरांनी फरशीवर कॉस्टिक सोड्याचे पाणी ओतले. डाग फिकटत फिकटत दिसेनासा झाला. मी सुटकेचा श्वास टाकतोय तोवर त्यांनी ओट्याचा एक कोपरा धुऊन त्यावर थोडे व्हिनेगर टाकले. क्षणभर काहीच नाही. मग फरशीच्या सांध्यांतून हिरवा रंग हळूहळू वर आला. "गेला नव्हता रे," सर म्हणाले, "लपला होता."

या रंगाची सगळी गंमत, आणि सगळा धोकाही, त्या लपण्यातच आहे.

नाव मॅलाकाइट या तांब्याच्या खनिजावरून पडले असले तरी या रंगात तांबे औषधालाही नाही. ऑटो फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७७ मध्ये बेंझाल्डिहाइड आणि डायमिथिल अ‍ॅनिलीन यांच्यापासून तो बनवला. रेणूच्या मध्यभागी कार्बनचा एक अणू, त्याला पंख्याच्या पात्यांसारखी जोडलेली तीन बेंझिन कडी, आणि त्यांतल्या दोन कड्यांच्या टोकांना नायट्रोजन. मधल्या कार्बनवरचा धन प्रभार एकाच जागी बसत नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत वाटला जातो. असा रेणू ६२० नॅनोमीटरच्या आसपासचा नारिंगी-तांबडा प्रकाश गिळतो आणि ४२५ च्या जवळचा जांभळाही. दोन्ही बाजू कापल्यावर मधला निळसर हिरवा तेवढा डोळ्यापर्यंत पोचतो.

सोड्याच्या पाण्यातला हायड्रॉक्साइड नेमका त्या मधल्या कार्बनलाच येऊन चिकटतो. प्रभाराची वाट तुटते, रेणू दृश्य प्रकाश गिळेनासा होतो. रंग नाही, पण रेणू जवळजवळ पूर्वीचाच. आम्लाने हायड्रॉक्साइड काढून घेतला की पंखा पुन्हा फिरू लागतो. आम्ल फारच तीव्र असेल तर द्रावण पिवळे पडते, कारण तेव्हा आम्लातला हायड्रोजन नायट्रोजनलाच चिकटतो आणि तो अडकून पडतो, प्रभार वाटून घेऊ शकत नाही.

लहानपणी जिभेला लावलेले जांभळे औषध आठवते? जेंशन व्हायोलेट. त्यातला मुख्य रंग याच घराण्यातला, फक्त तिथे नायट्रोजन दोनऐवजी तीन. त्यात आम्ल वाढवत नेले की एक नायट्रोजन निकामी होतो, उरतात दोन, आणि जांभळे द्रावण चक्क हिरवे होते. कागदावरची रचना डोळ्यांसमोर खरी ठरताना पाहायची असेल तर याहून स्वस्त प्रयोग मला माहीत नाही.

लपण्याची आणखी एक तऱ्हा आहे. मधल्या कार्बनला हायड्रोजन जोडला की होते ल्युको मॅलाकाइट ग्रीन, तेही रंगहीन. हे मात्र नुसत्या आम्लाने परत येत नाही, त्याला ऑक्सिडीकरण लागते. रक्ताच्या डागांची प्राथमिक तपासणी यावरच चालते. डागावर ल्युको रूप आणि हायड्रोजन पेरॉक्साइड टाकले की रक्तातला हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोहाचा भाग, ऑक्सिडीकरणाला वेग देतो आणि डाग हिरवा होतो. काही भाज्यांतली विकरेही हाच खेळ करतात. त्यामुळे हिरवा आला म्हणजे 'रक्त असू शकेल' इतकेच.

माशांच्या शरीरात याच्या उलट घडते. बुरशी आणि परजीवींवर हा रंग जालीम, म्हणून मत्स्यपालनात तो बराच वापरला गेला. पण मासा त्याचे ल्युको रूप करून चरबीत साठवतो. पाणी बदलले, कल्ले स्वच्छ दिसले, तरी ते शरीरात दीर्घकाळ राहते. याच्या विषारीपणामुळे खाण्याच्या माशांसाठी अनेक देशांत त्यावर बंदी आहे, आणि तपासणीत हिरवे व रंगहीन अशी दोन्ही रूपे मोजतात.

खाण्यात हा रंग भारतात चालत नाही. परवानगी असलेला कृत्रिम हिरवा म्हणजे फास्ट ग्रीन एफसीएफ. तोही याच घराण्यातला, पण सल्फोनेट गट जोडून पाण्यात विरघळणारा आणि शरीरात फारसा न शोषला जाणारा केलेला. तरी भेंडी, मिरची, मटार टवटवीत दिसावेत म्हणून मॅलाकाइट ग्रीन मारणारे महाभाग आहेतच. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सुचवलेली चाचणी घरी होते: पाण्यात किंवा तेलात भिजवलेला कापसाचा बोळा भेंडीवर घासायचा, तो हिरवा झाला तर भेसळ. मटार काचेच्या ग्लासात पाणी घालून अर्धा तास ठेवायचे आणि पाण्याचा रंग बघायचा. फक्त त्या पाण्यात भाजी धुतात तसा खायचा सोडा घालू नका. सोड्याच्या पाण्यात सुटलेला रंग हळूहळू फिका पडत जातो, पाणी नितळ दिसू लागते आणि रेणू असतो तिथेच.