स्कोमेट परवाना: आपल्याकडचे अर्ज नेमके कुठे अडतात

धुळ्याजवळच्या अवधान एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये गेल्या वर्षी एक फिलामेंट वाइंडिंग मशीन प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून चार महिने उभं होतं. काचेचे धागे रेझिनमध्ये बुडवून पाइप आणि टाक्या विणणारं मशीन. गिऱ्हाईक परदेशातलं, निम्मे पैसे आलेले, आणि स्कोमेटचा, म्हणजे शस्त्रांच्या कामीही येऊ शकणाऱ्या मालाच्या निर्यात परवान्याचा, अर्ज दोनदा परत आलेला. मालक मला म्हणाले, "भाऊ, मी पाण्याच्या पाइपाचं मशीन विकतोय, मिसाइल नाही."

त्यांचं खरं होतं. पण रॉकेटचं मोटर केसिंगही असंच धागे गुंडाळून बनतं. म्हणून तीन किंवा जास्त अक्षांवरच्या हालचाली जुळवून प्रोग्रॅम करता येणारं असं मशीन परवान्याशिवाय निर्यात करता न येणाऱ्या मालाच्या नियंत्रित यादीत येतं. ठरावीक दर्जाचं ग्रॅफाइट, बारीक गोल कणांची ॲल्युमिनियम पावडर, काही सर्व्हो व्हॉल्व्ह आणि अतिशय अचूक बेअरिंगं यांचंही तसंच. हा विषय फक्त भुसावळ-वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीचा, असं समजून बसू नका.

यादी आली कुठून, तेही थोडक्यात सांगतो. 1987 मध्ये सात देशांनी एमटीसीआर ही क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्था उभी केली. 500 किलो वजन 300 किलोमीटरपर्यंत नेऊ शकणारी प्रणाली सहसा कुणाला द्यायचीच नाही, आणि तिच्या सुट्या भागांवर, यंत्रांवर परवान्याचं बंधन ठेवायचं, हे तिचं सूत्र. हा करार नाही, सभासद देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायची शिस्त आहे. तिची झळ आपणही सोसली आहे: 1992 मध्ये क्रायोजेनिक इंजिनाच्या व्यवहारावरून अमेरिकेने इस्रोवर निर्बंध घातले आणि पुढच्या वर्षी रशियाने तंत्रज्ञान देण्यातून माघार घेतली. सुरक्षा परिषदेच्या 2004 च्या ठराव 1540 ने सगळ्याच देशांवर निर्यात नियंत्रणाची जबाबदारी टाकली. आपण 2005 मध्ये सामूहिक संहाराच्या शस्त्रांविषयीचा कायदा केला आणि जून 2016 मध्ये एमटीसीआरचे सभासद झालो. क्षेपणास्त्रांच्या प्रसाराविषयीची 2002 ची हेग आचारसंहिताही त्याच महिन्यात स्वीकारली. पण ती देशांनी संयम पाळण्याची आणि प्रक्षेपणाची आगाऊ सूचना देण्याची आहे, तुमच्या अर्जाशी तिचा संबंध नाही.

आपल्याकडच्या यादीचं नाव स्कोमेट. अर्ज डीजीएफटीच्या, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, पोर्टलवर ऑनलाइन करायचा. आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, चालू हवा, तांत्रिक माहितीपत्रक आणि परचेस ऑर्डर जोडायची. एवढं कुणीही करतं. यादीतला शून्य क्रमांकाचा वर्ग अणुऊर्जा विभागाकडे आणि सहावा संरक्षण उत्पादन विभागाकडे जातो, बाकीचे बहुतेक डीजीएफटीकडे. अर्ज दिल्लीत आंतरमंत्रालयीन कार्यगटापुढे जातो. तिथे तुम्ही समोर नसता, तुमचे कागदच बोलतात.

अडतं ते एंड यूज सर्टिफिकेटवर. माल शेवटी वापरणाऱ्याने स्वतःच्या लेटरहेडवर लिहून द्यायचं असतं की हा माल अमुक कामासाठी, अमुक ठिकाणी वापरू, अण्वस्त्र-रासायनिक-जैविक शस्त्र किंवा क्षेपणास्त्रासाठी नाही, परवानगीशिवाय पुढे कुणाला देणार नाही, आणि भारत सरकारला तपासणीला यायचं असेल तर येऊ देऊ. आपली गिऱ्हाइकं बहुतेक व्यापारी. व्यापारी स्वतःच सही करून पाठवतो, कारण खरा वापरणारा कोण हे सांगितलं तर उद्या तुम्ही थेट त्याच्याशी सौदा कराल अशी त्याला धास्ती. अवधानचा पहिला अर्ज इथेच परत आला. दुसऱ्या वेळी कारखान्याचं सर्टिफिकेट आलं, पण त्यावर जुन्या ऑर्डरचा नंबर. मधल्या काळात ऑर्डर सुधारून नव्या नंबरची झाली होती. एका आकड्यापायी दोन महिने गेले. चूक कारखानदाराची होती, मान्य. तरी साध्या त्रुटीसाठी एक फोन करायला हरकत काय, हा प्रश्न मला आजही पडतो.

म्हणून कळकळीनं सांगतो, ॲडव्हान्स घ्यायच्या आधी सर्टिफिकेट मागा. त्यातलं मालाचं नाव, नग, देश आणि ऑर्डर नंबर अर्जाशी एकेक बोट ठेवून ताडून बघा. "औद्योगिक वापरासाठी" एवढंच लिहिलेलं असेल तर परत पाठवा. काय बनवणार आणि कोणत्या पत्त्यावर, हे आलंच पाहिजे.

मुदतीचाही घोळ होतो. मुदत परवाना निघाल्याच्या तारखेपासून धावते, तुमच्या हातात पैसे पडल्यापासून नाही, आणि माल त्या मुदतीतच निघाला पाहिजे. गिऱ्हाइकाला डिलिव्हरीची तारीख देताना परवान्याचे महिने धरूनच द्या.

ड्रॉइंग ई-मेलने पाठवणं हीसुद्धा तंत्रज्ञानाची निर्यातच. फुकट सॅम्पल आणि प्रदर्शनाला नेलेलं मशीनही यातून सुटत नाही. आणि माल यादीत नसला तरी तो क्षेपणास्त्राच्या कामी जाईल असं वाटायला कारण असेल, तर परवाना लागतोच. गिऱ्हाईक मशीन कशासाठी हवं ते सांगत नाही, बसवायला माणूस नको म्हणतं, रोखीने जास्त पैसे द्यायला तयार होतं, तेव्हा घरातल्या हिशेबाकडे न बघता थांबा आणि डीजीएफटीला लेखी विचारा. केळीच्या पैशातून शेड उभी केलेली माणसं आहात तुम्ही. अशा एका ऑर्डरने सगळं पणाला लागू नये.

परवाना मिळाल्यावरही फाइल रद्दीत टाकू नका. ऑर्डर, सर्टिफिकेट, शिपिंग बिल आणि गिऱ्हाइकाशी झालेले ई-मेल, सगळं 5 वर्षं जपायचं असतं. अवधानच्या मालकांनी त्यासाठी आता वेगळं कपाट केलंय.