धरलेला बर्फ आणि लोंबता बर्फ

साताऱ्याचा आणि बर्फाचा संबंध तसा थोडाच. कडाक्याच्या थंडीत महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो, तेवढाच. पण आमच्याबरोबर कातळ चढणारी मुलं आता जानेवारीत हिमाचलमधल्या स्पितीला आइस क्लाइंबिंगला जायचं म्हणतात, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: नदीच्या घळीतून गाडी चालली असताना वर भिंतीवर गोठलेला ओघळ दिसला, तर तो चढण्याजोगा आहे हे ओळखायचं कसं?

रस्त्यावरून सगळे ओघळ सारखेच दिसतात. असतात मात्र दोन जातींचे. एक कातळाला धरलेला. पाणी दगडावरून पातळ झिरपतं, थरावर थर गोठतो आणि बर्फ भिंतीला अंगभर चिकटतो. दुसरा लोंबता. पाणी कातळाच्या पुढे आलेल्या ओठावरून थेंबथेंब सुटतं आणि बर्फ हवेतच खाली वाढत जातो. वाढत वाढत तो जमिनीला टेकला की खांब होतो. डोळा फसतो तो इथेच. खाली टेकलेला बर्फ मागच्या भिंतीला धरलेला असेलच असं नाही.

हा फरक शिकायला स्पितीला जावं लागत नाही. पावसाळ्यात यवतेश्वरचा घाट चढताना कातळावरून अंगाला लागून उतरणारं पाणी बघा. मग ठोसेघरला जा आणि कड्यावरून सुटून थेट दरीत पडणारी धार बघा. ही दोन्ही पाणी मनात गोठवा. म्हणून मी सांगतो, बर्फाच्या आधी पाणी बघा. स्पितीला हिवाळ्यापूर्वी जाता आलं तर उत्तमच. नाही जमलं तर ओघळाच्या दोन्ही बाजूंचा उघडा कातळ वाचा. भिंत कलती असून तिच्यावर पाण्याचा काळपट पट्टा उतरत असेल, तर बर्फ बहुधा धरलेला. वर छपरासारखा दगड पुढे आला असेल, तर दुर्बीण काढा आणि बाजूला चालत जाऊन ओघळ कडेने बघा. समोरून बघून काहीच कळत नाही.

स्पितीतल्या ताबो गावाच्या पुढे असाच एक खांब आम्हाला भेटला होता. निळसर, जाडजूड, रस्त्यापासून पाच मिनिटांवर. समोरून बघून मी रोप काढायलाही घेतला होता. कडेला गेलो तर खांब आणि कातळ यांच्यामधून पलीकडचा उजेड दिसला. फट जेमतेम बोटभर, आत पाणी टपकत होतं. बर्फात रोवायच्या ॲक्सच्या, म्हणजे कुदळीसारख्या हत्याराच्या, मागच्या बाजूने हलकेच वाजवलं, तर फुटका माठ वाजतो तसा बद्द आवाज आला. धरलेला बर्फ ठक्क वाजतो. माठ वाजवून घेणाऱ्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

थंडी जास्त तेवढा बर्फ पक्का, हा समजही सोडायला हवा. रात्रीत पारा एकदम उतरला की बर्फ आकसतो. वर आणि खाली अडकलेल्या खांबाला आकसायला वाव नसतो, त्यामुळे तो आतून ताणला जातो आणि ॲक्सच्या एका घावाने आडवा तुटू शकतो. धरलेल्या बर्फाचा शत्रू ऊन. त्यातून ऊन आत जातं, मागचा गडद दगड तापतो आणि चिकटलेली बाजूच आधी सुटते. म्हणून उत्तरेकडे तोंड असलेली, सावलीतली भिंत शोधायची.

स्क्रूचंही तसंच. स्क्रू म्हणजे बर्फात फिरवून बसवायची आट्यांची पोकळ नळी, तिला रोप अडकवतात. धरलेल्या बर्फात चांगला बसलेला स्क्रू तुम्हाला पेलतो. मोकळ्या खांबात स्क्रू मारला तर खांबाबरोबर तुम्हीही खाली येता, कारण रोप त्यालाच बांधलेला असतो. असा खांब चढणारे जाणकार स्क्रू खांबाच्या वर, भिंतीला धरलेल्या बर्फात मारतात. ग्रेडवरही विसंबू नका. डब्ल्यूआय म्हणजे वॉटर आइस, गोठलेल्या पाण्याचा बर्फ. डब्ल्यूआय 3 म्हणजे साधारण 70 अंशांचा चढ आणि डब्ल्यूआय 5 म्हणजे लांबलचक उभा बर्फ. ग्रेड चढाईची अवघडता सांगतो, बर्फ जागेवर राहील की नाही हे सांगत नाही.

घळीत आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. पायथा नदीवरच्या बर्फावर असेल तर खालचं पाणी उतरून मधे पोकळी झालेली असू शकते; बिले देणाऱ्याला, म्हणजे खालून रोप सांभाळणाऱ्याला, तिथे उभं करू नका. आणि ओघळाच्या वर, रस्त्यावरून न दिसणाऱ्या उतारावर, भुसभुशीत हिम साचलंय का तेही बघा. ते सुटलं तर याच ओघळावरून खाली येणार.

तो खांब आम्ही सोडला. थोडं पुढे, वळणाच्या सावलीत, मळकट पांढरा, बुटका आणि फोटोत मुळीच न शोभणारा एक ओघळ होता. तिथे पहिला स्क्रू शेवटच्या आट्यापर्यंत एकसारखा जड फिरत गेला आणि नळीतून बर्फाचा सलग गाभा बाहेर आला. सगळा दिवस आम्ही त्यावरच चढलो.