खोकं म्हणजे वीट नव्हे

भिंत बांधताना गवंडी खालच्या थरातला सांधा वरच्या विटेने झाकतो. पॅलेटवर, म्हणजे माल ठेवायच्या फळ्यांच्या चौकटीवर, खोकी रचणारेही पुष्कळदा हेच करतात, आणि लांबून ती रचना भक्कमही दिसते. पण वीट भरीव असते आणि पुठ्ठ्याचं खोकं पोकळ. सगळी गडबड इथेच होते.

त्याआधी एका थरात किती खोकी बसतात ते पाहू. पॅलेटच्या क्षेत्रफळाला खोक्याच्या तळाच्या क्षेत्रफळाने भागायचं, हा हिशोब सगळेच करतात. १२०० × १००० मि.मी.चं पॅलेट आणि ४०० × ३०० चं खोकं घेतलं तर उत्तर बरोबर १० येतं. प्रत्यक्षात सगळी खोकी एकाच दिशेने लावली, तर ९ किंवा ८च बसतात. दहावं बसवायचं तर पहिली ओळ चार खोक्यांची करायची, त्यांची ३०० ची बाजू पॅलेटच्या लांबीला. पुढच्या दोन ओळी तीन-तीनच्या, ४०० ची बाजू लांबीला. ओळींची खोली ४०० + ३०० + ३०० = १०००. काठोकाठ.

जपानचं प्रमाण पॅलेट ११०० × ११०० चं. त्यावर ६०० × ४०० ची खोकी ठेवायची आहेत. भागाकार ५.०४, मग पाच बसतील? नाही. ४०० आणि ६०० यांच्या ११०० च्या आत येणाऱ्या बेरजा चारच: ४००, ६००, ८००, १०००. दोन्ही दिशांना १०० मि.मी. वाया जाणारच, म्हणजे हिशोबापुरतं ते पॅलेट १००० × १००० चंच उरलं आणि भागाकार चारच्या जरा वर आला. सरळ ओळींत लावली, तर एक ओळ आडवी फिरवूनही तीनच बसतात. चौथं बसवायला चारही खोकी भिंगरीच्या पात्यांसारखी एकमेकांभोवती फिरवून लावायची, मधे २०० × २०० चा चौकोन रिकामा सोडून. जागा सोडल्यामुळे खोकं वाढतं, ही यातली गंमत.

आता कोपऱ्यांकडे. एक पोस्टकार्ड टेबलावर उभं करून वरून बोटाने दाबा, लगेच वाकेल. तेच मधे घडी घालून काटकोनात उभं केलं, तर बराच भार झेलतं. खोक्याचंही तसंच. वरून वजन आलं की भिंतीचा मधला भाग आधी फुगतो आणि भार सोडून देतो. कोपऱ्यात मात्र दोन भिंती एकमेकींना वाकू देत नाहीत, त्यामुळे भाराचा साधारण दोन-तृतीयांश हिस्सा चार कोपऱ्यांवर जातो. विटांसारखी रचना केली की वरच्या खोक्याचा कोपरा खालच्याच्या फुगणाऱ्या मधल्या भागावर येतो, आणि ताकद निम्म्याच्या आसपास घसरते. कोपऱ्यावर कोपरा ठेवला तर खोक्यांचे खांब तयार होतात.

१९६३ मध्ये अमेरिकेत मॅकी आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं सूत्र साध्या झाकणाच्या खोक्यासाठी आजही वापरलं जातं: ताकद = ५.८७ × पुठ्ठ्याची कडेवरची ताकद (कडेवर उभा करून दाबला तर तो किती भार झेलतो) × √(खोक्याचा परिघ × पुठ्ठ्याची जाडी). परिघ वर्गमुळात असल्यामुळे तो दुप्पट केला तरी ताकद १.४ पटच वाढते, आणि खोक्याची उंची तर सूत्रात नाहीच. ही प्रयोगशाळेतली, कोरड्या हवेतली, काही सेकंदांची ताकद.

नाशिकची द्राक्षं युरोपला जातात ती शून्य अंशाच्या आसपास आणि ९० टक्क्यांहून जास्त आर्द्रतेत, काही आठवडे. समजा पेटीचा तळ ५०० × ३००, उंची १२० मि.मी., भरलेलं वजन साडेपाच किलो. १२०० × १००० च्या पॅलेटवर एका थरात बरोबर ८ पेट्या. असे १६ थर रचले, तर तळाच्या पेटीवर १५ पेट्या, म्हणजे ८२.५ किलो. दमट हवेत पुठ्ठ्याची ताकद निम्मी होते, आणि महिनाभर भार राहिला की उरलेल्यातली साठ टक्केच टिकते. म्हणजे पेटी कोरडी असताना किमान २७५ किलो पेलणारी हवी. कोपरे चुकवून रचली तर ५५०. शिवाय खांब पद्धतीत पेट्यांची हवेची भोकं एकाखाली एक येतात, त्यामुळे कंटेनरच्या तळातून सोडलेली थंड हवा वरपर्यंत पोचते.

खांबांची खोड अशी की ते सुटे डुलतात. म्हणून चारही कोपऱ्यांना उभ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून आडवे पट्टे आवळायचे. कोरड्या मालाला प्लास्टिक फिल्म गुंडाळली तरी चालते. द्राक्षांना ती गुंडाळली की हवाच कोंडते. खालचे थर सरळ ठेवून वरचा एखाद-दुसरा थर आडवा फिरवला, तर माल बांधला जातो. तिथे वर वजन नसल्याने कोपरे चुकल्याचं काही बिघडत नाही.

‘एआय’ने जागा वाचवून देतो म्हणणारी सॉफ्टवेअर हल्ली पुष्कळ आहेत. गणित ती बिनचूक करतात, पण माप आपणच भरतो. छापील माप आतलं असतं की बाहेरचं? भरलेलं खोकं दोन्ही बाजूंनी फुगतं, त्यामुळे ४०० चं कागदावरचं खोकं ४०८ भरलं, तर लांबीला तीन लावताना २४ मि.मी. पॅलेटबाहेर जातात. इंचभर बाहेर लटकलेल्या कोपऱ्याखाली आधारच नसतो. त्या खोक्याची जवळजवळ तिसरा हिस्सा ताकद तिथेच गेली. पॅलेटच्या दोन फळ्यांमधल्या फटीत कोपरा आला तरी हेच होतं. फटी रुंद असतील तर पहिल्या थराखाली जाड पुठ्ठा अंथरायचा, आणि द्राक्षांसाठी त्यालाही हवेची भोकं पाडायची.