काउन्सेलिंग वेगळं, सायकॉलॉजिकल इव्हॅल्युएशन वेगळं: फोन करायच्या आधी हे वाचा

काउन्सेलिंगचा रिपोर्ट मिळत नसतो. हे वाक्य मी फोनवर इतक्या वेळा बोलते की आता "मॅडम, मुलाचं एक काउन्सेलिंग करून रिपोर्ट..." एवढं ऐकलं की समोरच्याचं बोलणं संपायच्या आतच मी सुरू होते. उलटंही होतं बरं का. कोणीतरी टेस्टिंगला येतं, दोन-तीन तास ठोकळे, आकडे, प्रश्नावल्या सगळं नीट करतं आणि निघताना विचारतं की मग आता मला बरं वाटायला लागेल ना? लोकांना दोष देण्यात अर्थ नाही, खोली तीच, खुर्च्या त्याच, समोर बसलेली बाईसुद्धा तीच. पण त्या दिवशी मी कुठलं काम करतेय त्यावर माझं बोलणं, गप्प बसणं, चेहऱ्यावरचे भाव, सगळं बदलतं.

माझ्यापुरतं विचाराल तर फरक एका प्रश्नात कळतो, इथे जे निघेल ते वाचणार कोण? काउन्सेलिंगमधलं बोलणं खोलीच्या बाहेर जाऊ नये म्हणून आम्ही जिवाचा आटापिटा करतो. इव्हॅल्युएशन, म्हणजे मुलाखत, टेस्ट वगैरे घेऊन केलेली तपासणी, मात्र बाहेर जाण्यासाठीच केलेली असते, त्या रिपोर्टला वाचक असतो, शाळा, सायकियाट्रिस्ट, कोर्ट, कधी तुम्ही स्वतः. बाकीचे बरेचसे फरक यातूनच निघतात.

आधी इव्हॅल्युएशनचं बघू कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत. त्याची सुरुवात टेस्टने होत नाही, प्रश्नाने होते. "सगळ्या टेस्ट करून टाका" हा प्रश्न नाही. "मुलगा तोंडी विचारलं की फटाफट सांगतो पण लेखी परीक्षेत अर्धा पेपर कोरा ठेवून येतो, हे वाचायच्या अडचणीमुळे, लक्ष लागत नाही म्हणून, की भीतीने?" हा प्रश्न, आणि असा प्रश्न मिळाला की कुठल्या टेस्ट घ्यायच्या आणि कुठल्या अजिबात घ्यायच्या नाहीत हे ठरवता येतं. मग सविस्तर मुलाखत, जन्मापासूनची हिस्टरी, जुने रिपोर्ट, शाळेचे शेरे, शिक्षकांशी बोलणं, आणि या सगळ्यात मध्ये कुठेतरी टेस्ट. टेस्ट हा इव्हॅल्युएशनचा एक भाग आहे, नुसते टेस्टचे मार्क हातात दिले तर ते इव्हॅल्युएशन होत नाही.

आता टेस्ट घेताना नक्की काय होतं ते सांगते, म्हणजे कळेल मी त्या दिवशी एवढी कोरडी का वागते. बुद्धिमत्तेच्या ज्या टेस्ट सगळ्यात जास्त वापरल्या जातात त्या डेव्हिड वेक्स्लर या अमेरिकन सायकॉलॉजिस्टच्या घराण्यातल्या, त्याची पहिली टेस्ट 1939 ची, नंतर मोठ्यांची वेगळी, लहान मुलांची वेगळी, नव्या आवृत्त्या येतच राहतात. त्यात लाल-पांढऱ्या ठोकळ्यांचा एक भाग आहे. समोर चित्र, हातात ठोकळे, तसाच नमुना जुळवायचा, आणि माझ्या हातात स्टॉपवॉच. मूल एक नमुना पूर्ण करतं आणि माझ्याकडे बघतं, बरोबर आलं का? मी म्हणते, चला पुढचा बघू. ना शाब्बास, ना असू दे. आकडे लक्षात ठेवायच्या भागात तर मी सेकंदाला एक आकडा या गतीने वाचते, तेही सपाट आवाजात, फोन नंबर सांगताना आपण जसे दोन-तीन आकडे एकत्र घेऊन सांगतो तसं करायची मुभा नाही. का, तर ज्या शेकडो-हजारो लोकांशी या मुलाची तुलना होणार आहे त्यांनाही ह्याच शब्दांत, ह्याच गतीने विचारलेलं असतं. मी माया दाखवून एखादी हिंट दिली तर आकडा वाढेल, पण मग तो आकडा कशाचा आहे हे कोणालाच सांगता येणार नाही.

पण आकड्यापलीकडचंही खूप काही दिसतं, आणि खरं सांगायचं तर मला तोच भाग जास्त आवडतो. एक मुलगा नमुना जवळजवळ पूर्ण करतो आणि एक ठोकळा किंचित वाकडा बसला म्हणून सगळं मोडून परत पहिल्यापासून लावायला घेतो, तोवर वेळ संपते. दुसरा दोन ठोकळे ठेवतो, म्हणतो मला येतच नाही, आणि हात मागे घेतो. दोघांना त्या नमुन्याचे मार्क शून्यच. रिपोर्टमध्ये मात्र दोघांबद्दल मी पूर्णपणे वेगळं लिहिणार आणि शाळेला सांगायच्या गोष्टीही वेगळ्याच असणार.

आकड्यांचं थोडं समजून घ्या कारण आईवडील रिपोर्टचं पहिलं पान उघडून आयक्यू बघतात आणि तिथेच अडकतात. सरासरी 100 धरलेली असते आणि साधारण 68 टक्के लोक 85 ते 115 च्या मध्ये येतात. 92 आला म्हणजे बरोब्बर 92 असं नाही, म्हणून चांगल्या रिपोर्टमध्ये आकड्याबरोबर एक रेंज लिहिलेली असते, ती वाचा. आणि वेगवेगळ्या भागांमध्ये मोठी दरी असेल, म्हणजे शब्दांचं उत्तम आणि कामाचा वेग एकदम कमी वगैरे, तर एकत्र केलेल्या आकड्याला फारसा अर्थ राहत नाही, सगळी गंमत त्या दरीतच असते.

मोठ्यांच्या व्यक्तिमत्त्वासाठीच्या प्रश्नावल्यांबद्दलही सांगायला हवं. एमएमपीआय हे नाव ऐकलं असेल, मिनेसोटा विद्यापीठात हॅथवे आणि मॅकिन्ली यांनी केलेली, 1943 मध्ये प्रकाशित झाली, 1989 च्या आवृत्तीत, म्हणजे एमएमपीआय-2 मध्ये, 567 विधानं आहेत, बरोबर की चूक एवढंच सांगायचं, आणि 2020 च्या तिसऱ्या आवृत्तीत ती 335 वर आली (लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल). यात उत्तरं द्यायची पद्धतही तपासली जाते, कोणी स्वतःला फारच सोज्वळ दाखवतंय का, कोणी त्रास वाढवून सांगतंय का, की कंटाळून वाटेल तशा खुणा केल्यात. हा लाय डिटेक्टर नव्हे, ही उत्तरं किती भरवशाने वाचायची एवढंच त्यातून समजतं. आणि शाईचे डाग, म्हणजे रोर्शाक, 1921 चे 10 कार्ड, त्याचं सिनेमात जे दाखवतात की एका डागात वटवाघूळ दिसलं की माणूस ओळखला, तसं काहीही नसतं. स्कोअरिंग किचकट आहे, त्यावर तज्ज्ञांमध्ये वादही भरपूर झालेत, मी क्वचितच वापरते.

आता काउन्सेलिंग. इथे स्टॉपवॉच नाही, घड्याळ आहे, साधारण 45-50 मिनिटं, बहुतेक वेळा आठवड्यातून एकदा. आणि इथे मी हिंट देऊ शकते, हसू शकते, डोळ्यात पाणी आलं तर थांबू शकते, "हे तुमच्यासाठी किती अवघड गेलं असेल" असं म्हणू शकते. कार्ल रॉजर्स या अमेरिकन सायकॉलॉजिस्टने 1957 मध्ये मांडलं होतं की समोरच्याला आतून समजून घेणं, अटी न घालता स्वीकारणं आणि थेरपिस्टने स्वतः खरं असणं, यातून माणूस बदलतो. तेवढंच पुरतं की नाही यावर पुढे खूप चर्चा झाली, पण त्याशिवाय काम होत नाही हे मी रोज बघते. 1979 मध्ये एडवर्ड बॉर्डिन या दुसऱ्या सायकॉलॉजिस्टने थेरपिस्ट आणि क्लायंटच्या नात्याचे तीन भाग सांगितले, दोघांमधला बंध, कुठे जायचंय याबद्दल एकमत आणि त्यासाठी काय करायचं याबद्दल एकमत. तिसऱ्यावरच गाडी सगळ्यात जास्त वेळा अडते, कारण लोकांना मोकळं बोलायचं असतं आणि थेरपिस्टने रोज डायरी लिहायला सांगितलेली असते, किंवा उलट.

काउन्सेलिंगमध्ये प्रश्न मध्येच बदलला तरी चालतं. झोप लागत नाही म्हणून आलेली व्यक्ती पाचव्या-सहाव्या सेशनला भावाबद्दल बोलायला लागते आणि पुढचे कितीतरी आठवडे भावावरच जातात, झोपेचं नावही निघत नाही, आणि झोप मात्र सुधारलेली असते. इव्हॅल्युएशन असं वाहवत गेलं तर रिपोर्ट कधी लिहूनच होणार नाही.

आणि एक फरक लोकांना जरा टोचतो, तो म्हणजे खात्री करून घेण्याचा. काउन्सेलिंगमध्ये तुम्ही म्हणालात की आईने कधी जवळ घेतलं नाही, तर मी आईला फोन लावून खरं की खोटं विचारत बसत नाही. तुम्हाला ते कसं जाणवलं आणि आज त्याचं काय होतंय, यावर आपलं काम असतं. इव्हॅल्युएशनमध्ये मला विचारावंच लागतं. समजा पस्तिशीची व्यक्ती म्हणाली की मला एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) असावा, रील्स बघून सगळं पटलं. 2013 च्या डीएसएम-5 या निदानाच्या अमेरिकन पुस्तकातल्या निकषांप्रमाणे काही लक्षणं वयाच्या 12 वर्षांच्या आधीपासून असायला हवीत, मग मी शाळेची प्रगतीपुस्तकं मागते, आईशी किंवा मोठ्या बहिणीशी बोलायची परवानगी मागते. "तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?" असं ऐकावं लागतं. विश्वासाचा मुद्दा नाही हो, झोप अपुरी असेल, चिंता असेल, थायरॉइडचा त्रास असेल तरी लक्ष उडतं, आणि चुकीचं नाव चिकटलं तर ते काढणं फार कठीण जातं.

मग एकाच थेरपिस्टने दोन्ही करावं का? साध्या केसमध्ये, आधी इव्हॅल्युएशन आणि मग काउन्सेलिंग, असं चालून जातं, मीही करते. कोर्टाचा किंवा मुलाच्या ताब्याचा विषय असेल तर माझं उत्तर ठामपणे "नाही" असंच आहे. जी व्यक्ती वर्षभर माझ्याकडे मन मोकळं करतेय ती एक दिवस म्हणते, "मॅडम, मीच चांगला पालक आहे असं लिहून द्या ना." मी एकच बाजू ऐकलेली, ती सुद्धा त्या व्यक्तीच्या बाजूला बसून ऐकलेली, मुलाला बघितलंही नाही, दुसऱ्या पालकाला भेटले नाही. फार तर अमुक काळ सेशनला येत होते एवढं लिहून देता येतं. लोक नाराज होतात, काही जण सोडूनही जातात. प्रायव्हेट प्रॅक्टिसमध्ये पैसे समोरची व्यक्तीच देत असते त्यामुळे हे जास्तच अवघड होतं, म्हणून मी पहिल्याच फोनवर सांगून टाकते की फी माझ्या वेळेची आहे, रिपोर्टमध्ये काय निघेल त्याची नाही.

गुप्ततेचंही इथेच सांगते. काउन्सेलिंगमध्येही काही अपवाद असतात, जिवाला धोका, मुलाचं शोषण, कोर्टाचा आदेश, आणि नेमके नियम देशाप्रमाणे बदलतात, पहिल्या सेशनलाच विचारून घ्या. इव्हॅल्युएशनमध्ये रिपोर्ट कोणाकोणाला जाणार हे आधी लेखी ठरवायचं, नंतर नव्हे.

आणि हो, दोन्हीमध्ये भिंत आहे असं समजू नका. नऊ प्रश्नांची पीएचक्यू-9 ही डिप्रेशनची प्रश्नावली घ्या, 0 ते 27 चा स्कोअर, 10 किंवा त्याहून जास्त आला तर आणखी नीट बघायला हवं. इव्हॅल्युएशनमध्ये ती एक छोटी कडी असते, काउन्सेलिंगमध्ये तीच मी दर काही आठवड्यांनी भरून घेते, फरक पडतोय का बघायला. (ऑनलाइन भरून स्कोअरचा स्क्रीनशॉट पाठवणं हे मात्र दोन्हींपैकी काहीच नाही.) अमेरिकेत स्टीफन फिन या सायकॉलॉजिस्टने तर इव्हॅल्युएशनच उपचारासारखं करायची पद्धत उभी केली, सुरुवात क्लायंटच्या स्वतःच्या प्रश्नांपासून, "मी नाती का तोडते?" वगैरे, आणि शेवटी निष्कर्ष एकत्र बसून बोलायचे. 1992 मध्ये त्याने आणि टॉनसेगरने केलेल्या अभ्यासात एमएमपीआय-2 चे निष्कर्ष नीट समजावून सांगितलेल्या विद्यार्थ्यांचा त्रास, नुसतं लक्ष दिलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा कमी झालेला दिसला. म्हणून रिपोर्ट ईमेलने पाठवून मोकळं होणाऱ्यांवर माझा राग आहे, समोर बसून समजावणं हा इव्हॅल्युएशनचाच भाग आहे.

तुम्हाला काय हवंय? जवळचं कोणी गेलंय, नातं तुटलंय, कामाचा ताण सहन होत नाही, तर सरळ काउन्सेलिंगला जा, कोणी आधी भारंभार टेस्ट सांगितल्या तर कशासाठी ते विचारा. अभ्यासातली अडचण वर्षानुवर्षं तशीच आहे, वयस्कर माणूस हल्ली फार विसरतोय, तीन ठिकाणी तीन वेगळी निदानं झालीत, किंवा बरेच महिने काउन्सेलिंग करूनही गाडी हलत नाही, तर इव्हॅल्युएशन. जीव द्यायचे विचार येत असतील तर दोन्हींची अपॉइंटमेंट बघत बसू नका, लगेच सायकियाट्रिस्ट किंवा जवळचं हॉस्पिटल गाठा.

टेस्टिंगचं ठरलंच असेल तर आधी कुठे कुठली टेस्ट झालीय ते नक्की सांगा, कारण तीच टेस्ट थोड्या महिन्यांत परत दिली की सरावाने मार्क वाढतात. नेटवर उत्तरं शोधून मुलाची तयारी करून घेऊ नका, मुलाला खरंच मदत हवी असेल तर तीच हातची जाईल. रोजची गोळी त्या दिवशी घ्यायची की नाही हे स्वतः ठरवू नका, ज्यांनी दिलीय त्यांना विचारा. आणि रात्रभर जागरण झालं असेल, ताप असेल किंवा वाचायचा चष्मा घरी राहिला असेल तर सरळ फोन करून तारीख बदलून घ्या, मी अशा दिवशी टेस्ट घेतच नाही.