कडक बेल्जियन एल: मठ, मंत्री आणि साखर

गडद बिअर म्हटली की आपल्याला आधी स्टाऊट आठवते, भाजलेल्या धान्याची, कॉफीसारखी कडवट. ती समजूत मनात ठेवून वेस्टमालेची डुबेल किंवा रोशफोर १० या बेल्जियममधल्या मठांच्या बिअर ग्लासात ओतल्या की माणूस बुचकळ्यात पडतो. रंग तपकिरी, उजेडात धरला तर लालसर झाक, वास मनुका-खजुराचा, कडवटपणा बेताचा, आणि घोट अपेक्षेपेक्षा हलका. त्यात बाटलीवर मठाचं नाव, त्यामुळे हे सगळं थेट मध्ययुगातून चालत आलंय असंच वाटतं. पण आज मिळते ती कडक एल, म्हणजे उबेत आंबवलेली बिअर, बरीचशी विसाव्या शतकात घडलेली आहे.

मठात बिअर गाळायची रीत जुनीच, पण ती मध्येच तुटली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत आजच्या बेल्जियममधले मठ बंद पडले, त्यांची मालमत्ता विकली गेली. त्याच क्रांतीपासून जीव वाचवून पळालेल्या ट्रॅपिस्ट या कडक ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी १७९४ मध्ये अँटवर्पजवळ वेस्टमालेला बस्तान बसवलं. तिथली पहिली घरची बिअर साधूंच्या जेवणात आली ती १८३६ च्या डिसेंबरात. शिमे या दुसऱ्या मठाची ब्रुअरी तर १८६२ ची. स्वतःच्या हातांनी कमवून खावं ही संत बेनेडिक्टची शिकवण, म्हणून बिअर विकून मठ चालवण्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने तांब्यासाठी ठिकठिकाणच्या ब्रुअऱ्यांची भांडीच उचलून नेली.

माझ्या मते खरी कलाटणी दिली ती एका समाजवादी मंत्र्याने. एमिल व्हँडरवेल्डे तेव्हा बेल्जियमचे न्यायमंत्री होते, आणि कामगारांचे संसार दारूपायी, विशेषतः जेनेव्हर या जुनिपरच्या कडक दारूपायी, उद्ध्वस्त होतात हे त्यांचं जुनं दुखणं. १९१९ च्या कायद्याने कॅफेत अशी दारू द्यायला बंदी आली. दुकानातून न्यायची तर एकदम किमान दोन लिटर घ्या, म्हणजे मजुराच्या खिशाबाहेरच. बिअरला मात्र या कायद्याने हात लावला नाही. गिऱ्हाईकाची तलफ काही कायद्याने जात नाही. ती भागवायला कडक बिअरला मोकळं रान मिळालं. ही बंदी १९८३ पर्यंत टिकली.

सगळं श्रेय एका कायद्याच्या पदरात टाकणंही बरोबर नाही. ब्रिटिश धर्तीच्या कडक एलची तिथे आवड होतीच. ब्रेनडोंक गावच्या मोर्टगाट या ब्रुअर कुटुंबाने युद्ध संपल्यावर स्कॉटलंडहून आणलेल्या यीस्टवर ‘व्हिक्टरी एल’ काढली. १९२३ पासून तिचं नाव डुव्हेल, म्हणजे सैतान. आज सोनेरी म्हणून ओळखली जाणारी ही बिअर १९७० पर्यंत गडद होती! वेस्टमालेने १९२६ मध्ये आपली तपकिरी बिअर नव्याने बांधली आणि ती डुबेल झाली. फिकट रंगाची कडक ट्रिपेल १९३४ ची.

चवीचं गुपित बरंचसं साखरेत आहे. नेपोलियनने १८०६ मध्ये इंग्लंडची व्यापारी नाकेबंदी केली, युरोपात उसाची साखर दुर्मीळ झाली आणि बीटच्या साखरेला जोर आला. बेल्जियन ब्रुअर हीच साखर धान्यापासून काढलेल्या उकळत्या रसात घालतात. यीस्ट ती जवळजवळ पूर्ण फस्त करतं, म्हणून अल्कोहोल चढतं पण बिअर दाट, चिकट होत नाही. साखर आटवून काळसर पाक केला, आपल्या काकवीसारखा, की रंग आणि सुक्या मेव्याचा स्वाद दोन्ही येतात. उरलेली फळांची, लवंगेची छटा उबेत आंबवणाऱ्या यीस्टची. भाजून काळ्या केलेल्या धान्यावर फारशी भिस्त नसते, म्हणूनच स्टाऊटचा कडवटपणा इथे सापडत नाही.

नवख्याने नावातले आकडे अल्कोहोलचे टक्के समजून फसू नये. रोशफोरच्या ६, ८, १० या आकड्यांचा संबंध आंबवण्यापूर्वीच्या रसाच्या घनतेच्या जुन्या बेल्जियन मापाशी आहे. १० मध्ये अल्कोहोल ११.३ टक्के असतं. आपल्याकडची ‘स्ट्राँग’ ८ टक्क्यांच्या आत थांबते. बर्फगार करून प्यायली तर चव मरते, १०-१२ अंश पुरेत. तळाशी गाळ असतो, तो बाटलीत दुसऱ्यांदा आंबवल्यावर उरलेल्या यीस्टचा. तो प्यायला हरकत नाही, पण पहिल्यांदा हलक्या हाताने ओतून बाटलीतच राहू द्यावा.

लेबलही नीट वाचावं. ‘ॲबे’ म्हणजे मठ, पण ‘ॲबे’ बिअर कोणत्याही कारखान्यात बनू शकते. ‘ट्रॅपिस्ट’ या नावाचा वापर मात्र १९६२ मध्ये गेंटच्या न्यायालयाने मोकळा ठेवला नाही, आणि १९९७ पासून षटकोनी शिक्काही आहे. तो असेल तर ती बिअर मठाच्या आवारात, साधूंच्या देखरेखीखाली बनलेली असते.